एक खोली, दोन माणसं आणि फाटलेलं दूध

बहिणीनं वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा सोडला, हक्कसोडपत्रावर सही केली. पुढं त्याच जमिनीतून रस्ता गेला, मावेजा म्हणजे जमिनीची भरपाई आली आणि ती भावानं एकट्यानं ठेवून घेतली. ६ वर्षांनी बहीण एका दुपारी घरी येते. गोष्ट एवढीच. लघुपटाची लांबी १९ मिनिटं, शॉट ७, खोली एक, माणसं दोन. तो लातूर जिल्ह्यात मातीचं छत असलेल्या एका माळवदाच्या घरात केला. काम कसं झालं, कुठं अडलं आणि का अडलं ते इथं मांडतोय. अशा कामात वगळायचं काय हे चटकन ठरतं. वगळल्यावर जे उरतं त्याचा हिशोब मात्र एडिटिंगच्या टेबलापर्यंत लागत नाही, ते नंतर कळतं.

पहिल्या खर्ड्यात तीन प्रसंग होते: दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली सही, पासबुकात पडलेली मावेजाची रक्कम आणि मग ही दुपार. पहिले दोन काढून टाकले. सही होताना दाखवली की प्रेक्षक तिथंच न्यायाधीश होऊन बसतो, आणि पुढच्या दुपारीत फक्त निकाल ऐकायचा उरतो. निर्णय आधीच घेऊन झालेला असेल तर तो माणसांच्या हालचालीत शोधावा लागतो. भाऊ बहिणीला खुर्ची देतो की सतरंजी अंथरतो, यावरही मग लक्ष जातं.

प्रसंग काढले तरी कायदा पक्का माहीत लागतो, कारण पडद्यावर नसलेली चूक संवादात बरोबर डोकावते. आमच्या खर्ड्यात बहिणीचं वाक्य होतं, ‘कोऱ्या कागदावर सही घेतलीस.’ हे चालणारच नव्हतं. १०० रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. बहीण कार्यालयात जाते, फोटो निघतो, अंगठा उमटतो, साक्षीदार सह्या करतात. म्हणजे ती तिथं होती आणि तिला समजत होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही आपल्याकडं बहिणी सही करतात, कारण साडीचोळी आणि दिवाळीचं बोलावणं चालू राहावं. हे लक्षात आलं आणि पटकथेचा तोलच बदलला. निवड एकट्या भावाची राहिली नाही. तिनंही माहेर राखण्यासाठी जमीन सोडली होती, आणि माहेरही राहिलं नाही. फसवणुकीच्या कारणावरून दस्त रद्द करून मागायचा तर ती कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. आमची बहीण ६ वर्षं सगळं जाणून गप्प आहे, म्हणून तिच्या तोंडी कोर्टाची भाषा ठेवली नाही. ती फक्त येऊन बसते.

एक पान म्हणजे एक मिनिट हा पटकथेचा ठोकताळा इथं कोसळतो. आमच्या ९ पानांची १९ मिनिटं झाली. मोबाईलवर वेळ लावून, चहा ठेवण्यापासून पाणी पिण्यापर्यंतची सगळी कामं खरोखर करत दोनदा वाचन घ्या. तेव्हा लांबी कळते. संवाद शेवटी ३१ वाक्यांवर आले. सुरुवात अशी राहिली:

‘किती आला म्हणे?’
‘काय?’
‘मावेजा.’
‘च्या ठेवतो, आक्का.’

नुकसानभरपाई हा शब्द आम्ही दोन खर्डे वापरला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बातमी वाचतंय असं वाटायचं. मावेजा म्हणताच घर उभं राहिलं. क्रियापदांचंही तेच. ‘काय करतोयस’ लिहिलं की माणूस पुण्याचा होतो. इथं ‘काय करायलास’ म्हणतात, आणि लातूर-नांदेडच्या काही भागांत ‘करूलालास’. भाऊ झालेला नट बीडकडचा, बहीण झालेली नटी नांदेडकडची. दोघांची बोली एका साच्यात बसवायचा प्रयत्न पहिल्या तालमीत करून पाहिला, दुसऱ्या दिवशी सोडून दिला. २५ वर्षं सासरी राहिलेल्या बाईची बोली भावापेक्षा थोडी निराळीच असते. ते कानाला खरं वाटतं.

घर शोधण्यात सगळ्यात जास्त दिवस गेले. माळवद म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, आवाजाला उत्तम. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा याच जड छतांनी आणि मातीत रचलेल्या भिंतींनी माणसं गाडली. औसा-लोहारा पट्ट्यात पुनर्वसन झालेल्या गावांत आता आखीव गल्ल्या आणि हलकी घरं आहेत. जुनं माळवद हवं तर त्या पट्ट्याबाहेर फिरावं लागतं. आणि मिळालं तरी आधी तुळया तपासायच्या. वाळवी लागलेल्या तुळईखाली ३ दिवस ७-८ माणसं आणि लाईट ठेवायची नसते. बोटानं ठोकून पोकळ आवाज आला किंवा भिंतीत शिरलेलं टोक मऊ लागलं, तर ते घर सोडा. पहिलं घर आम्ही याच कारणानं सोडलं. कोपरा फार सुंदर होता, पण सोडलं.

पत्र्याचं घर स्वस्तात आणि लगेच मिळतं. मात्र सकाळी ऊन चढताना पत्रा प्रसरण पावतो आणि तडतडतो, संध्याकाळी आकसताना परत तडतडतो. प्रत्येक संवादावर एक टाचणी पडल्यासारखं होतं. त्यावर कावळा उतरला तर विचारूच नका.

महिना ठरवताना पंचांग उघडून बसावं. पौषात लग्नं नसतात, म्हणजे डीजे नाही, वरात नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणीयंत्रं दिवसभर घरघरतात. एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात आणि पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लांब टेकमध्ये कॅमेराच तापून बंद पडू शकतो. पौषातही एक अडचण आहेच. कारखाने चालू असतात आणि उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. घर गावच्या मुख्य रस्त्यापासून निदान तीन गल्ल्या आत असेल तर ते सोसतं. आदल्या दिवशी खोलीत दर तासाला ५ मिनिटं आवाज रेकॉर्ड करून ठेवा. शाळेची घंटा, पिठाची गिरणी, देवळातला भोंगा, शेजारची बोअरची मोटार, सगळ्यांच्या वेळा कागदावर उतरवल्या की शूटिंगचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. आमच्या वाट्याला आली दुपारी १२ ते साडेतीन.

आणि त्याच वेळेत कवडसा होता. या खोलीला छतात एकच झरोका होता, १० फुटांवर. जानेवारीच्या मध्यात लातूरच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंश वर असतो, आणि हा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येतो. म्हणजे कवडसा झरोक्याच्या बरोबर खाली पडत नाही, तर सुमारे ८ फूट उत्तरेला पडतो. खोली त्या बाजूला तेवढी लांब नसेल तर तो भिंतीवर चढतो. मध्यान्हाच्या आसपास तो पूर्वेकडं तासाला सव्वातीन फुटांच्या घरात सरकतो, म्हणजे १० मिनिटांत साडेसहा इंच. आधी आम्ही याला अडचण समजत होतो. एक टेक सव्वाबाराला आणि दुसरा पाऊणला घेतला तर दोन्ही एकमेकांना जोडताच येत नाहीत. शेवटी फरशीवर खडूनं १० मिनिटांच्या खुणा केल्या आणि मधला लांब शॉट कवडशाच्या हवाली केला. सुरुवातीला तो बहिणीच्या पिशवीवर आहे, ११ मिनिटांनी भावाच्या पायाच्या अंगठ्यावर. मध्ये कट नाही. पण म्हणून दिवसाला हा शॉट एकदाच घेता येतो, हेही कबूल करावं लागलं. तिसऱ्या दिवशी ढग असते तर हातात दोनच टेक राहिले असते.

कॅमेरा पूर्ण वेळ स्थिर, ३५ मिलिमीटरची लेन्स, उंची अडीच फूट. दोघं जमिनीवर बसणार असतील तर कॅमेराही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला हवा. ट्रायपॉड लहान नसेल तर विटांवर फळी ठेवून भागतं. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची असल्यानं १/४८ वर स्वस्त एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे फिरताना दिसू शकतात. १/५० नं ते थांबतात. काही स्वस्त दिवे तरीही लपलपतात, असे सरळ काढून टाकायचे. २४ फ्रेमच का, तर थिएटरच्या डिजिटल प्रतीचा मुख्य वेग तोच. २५ वर शूट करून नंतर बदल करत बसलात तर आवाजाचा सूर हलतो. आमचा एकच लाईट होता, १०० वॅटचा एलईडी, दाराबाहेर, मांजरपाटाच्या दुहेरी कापडातून. बोअरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि घरातला बल्ब टेकमध्येच मंद व्हायचा, म्हणून घरातला बल्ब पूर्ण बंद ठेवला आणि लाईट बॅटरीवर चालवला. सेकंदाला १५० मेगाबिटच्या वेगानं चित्रीकरण केलं तर तासाला सुमारे ६७ जीबी जागा लागते. ११ मिनिटांच्या टेकला १२ ते १३ जीबी. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. आणि त्या दोन डिस्क एकाच पिशवीत न्यायच्या नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर. लांब नळीचा शॉटगन माईक उघड्यावर छान चालतो, पण छोट्या बंद खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज पकडून तो घुमटासारखा करतो. आत हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा, माईक घ्या. मातीच्या भिंती आवाज बऱ्यापैकी खातात, शहाबादी फरशी मात्र सगळा परत फेकते. फ्रेमच्या बाहेर सगळीकडं वाकळी म्हणजे गोधड्या अंथरल्या, दोन दोरीवर टांगल्या. वाकळीइतकं चांगलं आवाजशोषक या बजेटमध्ये मिळत नाही आणि गावात त्या दहा घरांतून गोळा होतात. कुणाची कुठली हे मागं दोऱ्यानं खूण करून ठेवा, परत देताना भांडण नको. नटीला सुती साडी दिली. रेशमी किंवा सिंथेटिक पदराखाली कॉलर माईक लावला की श्वासागणिक खरखर येते. भावाचा शर्ट मूळचा टेरिकॉटचा ठरला होता, तो याच कारणानं बदलला. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. शेजारच्या घरातला फ्रिज विनंती करून बंद केला आणि आमच्या गाडीची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवली. चावी आत असली की निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही.

प्रत्येक जागेवर शॉट संपला की सगळ्यांनी जागीच थांबायचं आणि ६० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. ही शांतता नसेल तर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये आवाज शून्य होतो आणि फोन कट झाल्यासारखं वाटतं. कमीत कमी संवादांच्या लघुपटात तर अर्धा आवाज हाच असतो. आमच्या शांततेत चिमण्या होत्या, लांब एक कुत्रं आणि माळवदातून मधूनच झरणारी माती. ती माती लेन्सवर पडते, चहातही पडते. कॅमेऱ्याच्या बरोबर वर, फ्रेमबाहेर, एक धोतर ताणून बांधावं लागलं.

आता चहा. लघुपटाचा कणाच तो आहे. परिणाम भोगणं हे चेहऱ्यावर दाखवायचं नाही असं पहिल्यापासून ठरलं होतं. रडू आलं की नट मोकळा होतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही. माणसाच्या हाताला काम द्यावं आणि ते बिघडू द्यावं. भाऊ गुळाचा चहा करतो, गूळ उकळत असतानाच दूध ओततो, दूध फाटतं. घरात दुसरं दूध नाही. ६ वर्षांनी आलेल्या बहिणीला द्यायला त्याच्याकडं आता एवढंच आहे.

लिहायला सोपं. पहिल्या दिवशी दूध फाटलंच नाही. गूळ किंचित आम्ल असतो, उकळत्या दुधात त्यामुळं प्रथिनं गोळा होतात, पण प्रत्येक गुळात ते आम्ल सारखं नसतं. पिवळाधमक, रसायन मारून साफ केलेला गूळ आणि ताजं पिशवीचं दूध घेतलं तर चहा कधीकधी मस्त जमतो. आमचा तीनदा मस्त जमला. शेवटी प्रमाण ठरलं ते असं: पाणी १०० मिली, गूळ ४० ग्रॅम, चहापत्ती दोन चमचे, आणि कुणाला न दिसता आधीच त्या पाण्यात मिसळलेला १० मिली लिंबाचा रस. हे खळखळ उकळल्यावर वरून २५० मिली दूध. परत उकळी फुटता फुटता चोथा वर येतो आणि खाली पिवळट पाणी राहतं. थंड दूध ओतलं तर जास्त वेळ लागतो, म्हणून दूध आधी कोमट करून ठेवायचं. ३ सारखी पातेली लागतात. एकदा फाटलं की कडेला चिकटलेला थर घासेपर्यंत पुढचा टेक थांबतो, आणि घासलेलं पातेलं आधीच्या टेकपेक्षा चकचकीत दिसतं. आम्ही तिन्ही पातेली आदल्या रात्री चुलीवर सारखीच काळी करून घेतली होती. पातेल्याचा शॉट घेताना लेन्स निदान दोन फूट लांब ठेवा, वाफेनं धुकं धरतं.

दुसरी गफलत आवाजाची होती. भावाचं एकमेव लांब वाक्य, जिथं तो पहिल्यांदा ‘म्या ठेवले सगळे’ म्हणतो, ते गॅस पेटलेला असताना होतं. ज्योतीची सूं-सूं माईकला संवादापेक्षा जवळ. ज्योत बारीक केली तर चहा उकळेना. डबिंग करता आलं असतं, पण जमिनीवर उकिडवं बसलेल्या माणसाचा दबका श्वास स्टुडिओत उभं राहून येत नाही. मग वाक्यच हलवलं. दूध फाटतं, तो गॅस बंद करतो, सूं-सूं थांबते आणि खोली एकदम उघडी पडते. तिथं तो बोलतो. ही जागा पटकथेत नव्हती. एका बर्नरनं दिलेली आहे, आणि बघणारे सगळे हीच जागा लिहिताना सुचली असेल असं समजतात. आम्ही हल्ली दुरुस्त करत नाही.

नटांबरोबर ५ दिवस तालीम केली, सगळी त्याच खोलीत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून किंवा राज्य नाट्य स्पर्धेतून आलेला नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेला असतो. तो आवाज खाली आणायला दोन दिवस लागतात. सांगून होत नाही. समोरच्याला ‘ऐकू येईना’ म्हणू द्यायचं आणि तरी वाढवायचं नाही, असा सराव घेतला. थांबे सेकंदांत ठरवले नाहीत, त्याऐवजी प्रत्येक थांब्याला एक बारीक काम जोडलं: पदराची गाठ सोडणं, फरशीवरची साखर बोटानं टिपणं, पिशवीचा बंद गुंडाळणं. काम संपलं की थांबा संपला. कागदपत्रं हातात द्यायची असतील तर ती नकली हवीत. खऱ्या सातबाऱ्यावर खऱ्या माणसांची नावं आणि गट क्रमांक असतात आणि पडदा मोठा असला की ते वाचता येतात. आम्ही शेवटी कागद दाखवलाच नाही. तो पिशवीत आहे एवढं कळतं.

एडिटिंगला ७ शॉटचे ६ जोड, म्हणजे एका दिवसाचं काम वाटतं. लागले १२ दिवस. पर्याय नसल्यानं प्रत्येक जोडाची जागा चार-पाच फ्रेमनी मागंपुढं करून बघावी लागते. दोन जोडांमध्ये पुढच्या शॉटचा आवाज आधी आणला, बाकीचे कोरडे ठेवले. मधल्या ११ मिनिटांच्या शॉटमध्ये नवव्या मिनिटाला भाऊ घड्याळाकडं बघतो. त्या दिवशी नटाला एसटी गाठायची होती, एवढाच त्याचा अर्थ. कापता येत नाही, झाकता येत नाही. तो टेक बाकी सर्वात चांगला होता, म्हणून ठेवला. दुसरा टेक स्वच्छ आहे आणि निर्जीव आहे.

सबटायटलला ‘हक्कसोड’ आणि ‘साडीचोळी’ हे दोन शब्द अडले. पहिल्याचा कायदेशीर प्रतिशब्द दिला. दुसऱ्याला नुसतं कापड म्हटलं तर बहीण साडीसाठी भांडते असं वाटेल, म्हणून त्या ओळीत ‘दर दिवाळीला बोलावणं’ या अर्थाचं वाक्य टाकलं. एका वेळी दोन ओळींच्या वर जाऊ नका. शांत शॉटवर ओळ नको तितकी रेंगाळू देऊ नका, नाहीतर लोक चेहरा सोडून अक्षरं बघत बसतात. थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या नियमांपासून यूए मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गात, ७, १३ आणि १६ वर्षं अशा तीन पायऱ्या आहेत.

शेवट दोन प्रकारे शूट केला होता. एकात बहीण कप तसाच सोडून उठते. दुसऱ्यात ती फाटलेला चहा गाळणीनं गाळून घेते, पिते, कप विसळून पालथा घालते आणि मग जाते. पहिला आम्हाला सेटवर जोरदार वाटला होता. टेबलावर तो ‘बघा, तिनं झिडकारलं’ असं ओरडायला लागला. दुसरा १ मिनिट ५० सेकंदांचा आहे, त्यात कप विसळल्याचा आवाज दाराबाहेरच्या नळाचा आहे आणि भाऊ फ्रेममध्ये पाठमोरा बसलेला. तो वळत नाही. तोच ठेवला.

घर सोडताना भिंतीत ठोकलेले १४ खिळे काढून भोकं पांढऱ्या मातीनं बुजवली, फरशीवरच्या खडूच्या खुणा पुसल्या, वाकळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. दोन वाकळींवरचा दोरा निघून गेला होता. त्या कुणाच्या हे ठरवायला अर्धी गल्ली जमली, आणि त्यात तासभर गेला.